नकाशा माझ्या हातात होता

मागच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या दोन दिवस आधी, आमच्या शेताकडं जाणाऱ्या पांधणीत एक पांढरी मोटार रुतली. शेगावचं दर्शन करून सिंदखेडराजाला निघालेलं कुटुंब होतं. डांबरी रस्ता सोडून ही मंडळी इकडं कशी वळली म्हणून विचारलं, तर फोननं जवळची वाट दाखवली होती. जवळची ती होतीच. फक्त बैलगाडीची होती आणि उन्हाळ्यातली होती. आमची काळी माती पावसाळ्यात माणसाची चप्पल परत देत नाही, तिथं मोटारीचं काय!

गाडी चालवणारा पोरगा पंचविशीचा असेल. चाकं आरपार बुडाली तरी तो फोनकडंच बघत होता. मागं बसलेली त्याची आई म्हणाली, "मी केव्हाची म्हणतेय, वाट चुकली. ऐकेल तर ना." पोरगा चिडून म्हणाला, "आई, मॅपवर रस्ता दिसतोय. मी काय मनानं चालवतोय का?" ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. घरून चहा आणला. जाताना पोरानं हात जोडले, पण आईकडं काही त्यानं पाहिलं नाही.

मी शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. असा पोरगा दिसला की दोन शब्द सुनवायची जीभ शिवशिवते. त्या दिवशी मात्र मी गप्प राहिलो. त्याला बोलायचा अधिकार मला नाही, हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे. का नाही, ते आता लिहितो.

सन १९८६, डिसेंबर महिना. मी चिखलीला कॉलेजात होतो. उंद्रीहून एसटीनं जाऊन येऊन करायचो. कॉलेजातल्या पोरांसाठी बोथ्याच्या जंगलात आठ दिवसांचं एक साहस शिबिर भरलं होतं. बुलढाणा-खामगाव रस्त्यावरचं हे जंगल. तेव्हा त्याला अभयारण्य म्हणत नसत. ज्ञानगंगा अभयारण्य झालं ते १९९७ साली. आम्हाला शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. दिसायला काडीपैलवान, बोलायला कमी. पहिल्या दिवशी त्यांनी पोरांपुढं एक जाड कागद पसरला आणि त्यावर पितळी डबी ठेवली.

कागद म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा तक्ता. आपल्या बुलढाण्याकडचे तक्ते ५५ डी या क्रमांकात येतात. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. नाले निळे, झाडी हिरवी, वस्ती लाल. आणि सगळ्या कागदावर तपकिरी बारीक रेघा, विहिरीत खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारख्या. सुभेदार म्हणाले, या रेघा म्हणजे उंची. एका रेघेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. रेघा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांबलांब गेल्या की सपाटी. मला ती गोष्ट इतकी भावली की त्या रात्री मी आमच्या उंद्रीच्या शिवाराच्या रेघा मनातल्या मनात ओढत पडलो होतो.

पितळी डबी म्हणजे होकायंत्र. आमच्या गावात कंपास म्हणजे शाळेच्या पोराची भूमितीची पेटी, त्यामुळं हा दुसरा कंपास पाहून सगळ्यांनाच नवल. सुभेदारांनी बजावलं: कमरेचा चाकू, पट्ट्याचं लोखंड, तारेचं कुंपण यांच्यापासून हिला दूर ठेवायचं. आपल्याकडच्या काळ्या दगडावर ठेवूनही बघायचं नाही, कारण त्यात लोहचुंबकाचा अंश असतो आणि सुई फसते. आपल्या भागात सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांत फार तर अंशभराचा फरक, तेव्हा तो हिशेब सोडा. मग त्यांनी विचारलं, "या डबीनं काय कळतं?" आम्ही म्हणालो, दिशा. "आणि कागदानं?" जागा. "आणि आपण कुठं आहोत, ते?" आम्ही गप्प. सुभेदार म्हणाले, "ते या दोन्हीनं कळत नाही. ते तुमचं तुम्हाला काढावं लागतं."

ते कसं काढायचं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शिकवलं. शिक्षक झाल्यावर मीही दरवर्षी शाळेच्या गच्चीवर पोरांना तेच शिकवत आलो. समोर ओळखीची एक खूण घ्यायची, देऊळ म्हणा, पाण्याची टाकी म्हणा, जी नकाशावरही आहे. डबीतून तिच्यावर नेम धरायचा. समजा ६० अंश आले. त्यात १८० मिळवायचे, २४० झाले. नकाशावर त्या देवळापासून २४० अंशाची रेघ मागं ओढायची. आपण या रेघेवर कुठंतरी आहोत. कुठं, ते एका खुणेनं नाही कळत. दुसरी खूण घ्यायची, तशीच रेघ ओढायची. दोन रेघा जिथं कापतात तिथं आपण. मग खात्रीसाठी तिसरी. आणि गंमत अशी की तिसरी रेघ त्या ठिकाणातून नेमकी कधीच जात नाही. तिन्ही मिळून एक छोटा त्रिकोण होतो. त्याला चुकीचा त्रिकोण म्हणतात. सुभेदार म्हणायचे, त्रिकोण लहान असला तर समजा हात बरा आहे, मोठा आला तर पुन्हा करा, आणि एखाद्यानं सांगितलं माझा त्रिकोण आलाच नाही, तर त्यानं तिसरी रेघ पट्टीनं सरकवली आहे असं समजा.

पाचव्या दिवशी आमची परीक्षा. पाच पोरांची टोळी, टोळीचा पुढारी मी, कारण नकाशा वाचण्यात मी सगळ्यांत पुढं होतो आणि हे मला माहीत होतं. छावणीपासून उगवतीकडं पठारानं तीन किलोमीटर जायचं, वाटेत लागणारा पहिला नाला सोडायचा, दुसऱ्या नाल्यानं उत्तरेला खाली उतरायचं. दोन नाल्यांच्या मधे एक बोडखी टेकडी. ती उतरताना डाव्या हाताला राहिली पाहिजे. नाल्याच्या तोंडाशी झाडाखाली मारुतीचं ठाणं, तिथं ठेवलेली चिठ्ठी उचलायची आणि दुपारी दोनपर्यंत परत.

पहिला नाला मला दिसलाच नाही. दिसला नाही म्हणजे, पठारावर जिथं तो सुरू होतो तिथं तो नुसती घळ होती, झुडपांनी भरलेली. गप्पांच्या नादात ओलांडून गेलो असू, असं मी धरून चाललो. वास्तविक आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो. पुढं जो नाला आला तोच पहिला, आणि मी तो दुसरा समजून टोळी खाली उतरवली. होकायंत्र काढलं, उत्तर बरोबर. दोन्ही नाले उत्तरेलाच जात होते ना! दिशा बरोबर आणि जागा चूक. सुई बिचारी तिचं काम चोख करत होती.

साडेदहाच्या सुमारास एक म्हातारा गुराखी भेटला. खांद्यावर घोंगडी, हातात कुऱ्हाड, दहा-बारा गाई. "कुठं चाल्ले गा पोट्टेहो?" मारुतीच्या ठाण्याला, म्हटलं. म्हातारा म्हणाला, "मंग इकडं काऊन उतरले? तो नाला हा नोय. तो त्या टेकडाच्या पल्याड हाय." मी नकाशा उघडून त्याच्यापुढं धरला. कशाला धरला असेल? त्याला वाचता येणार नव्हता, हे दिसतच होतं. त्यासाठीच धरला. त्यानं कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "असंन बाप्पा." गाई हाकत निघून गेला.

गुराख्याचं खरं आणि कागदाचं खोटं, अशी गोष्ट रंगवायचा मोह होतो. मी स्वतःही भाषणांतून ती तशी रंगवलेली आहे. पण ते खरं नाही. पुढं कित्येकदा मी तो तक्ता घेऊन त्या भागात फिरलो. नाला नाल्याच्या जागी आहे, टेकडी टेकडीच्या जागी. कागद खरा होता. आणि गावची माणसं नेहमी वाट बरोबर सांगतात असंही नाही. "हे काय, इथं, हाकेवर" म्हणून दोन कोस चालायला लावणारे आमच्याच उंद्रीत पुष्कळ. माहीत नाही म्हणायची लाज त्यांनाही असते. प्रश्न नकाशा मोठा की माणूस मोठा, हा नव्हताच.

अकराच्या पुढं टेकडी दिसली. उजव्या हाताला.

त्या क्षणी मला कळलं. हे मी आज अगदी शपथेवर सांगू शकतो, कळलं. पोटात खड्डा पडतो तसं झालं. मी टोळीला बसा म्हणालो, पाणी प्या म्हणालो आणि बाजूला जाऊन नकाशा उघडला. पेन्सिलीनं आमची जागा जिथं टिंबानं दाखवली होती ते टिंब मी रबरानं खोडलं आणि थोडं वर केलं. तिथून ही टेकडी म्हणजे ती टेकडी नव्हे, पुढची एखादी, असं बसवता येत होतं. एक कोपरा बसेना, तर ती घळ या पावसाळ्यात नवी पडली असेल असं ठरवलं. जमीन नकाशाशी जुळेना तर माणूस जमिनीलाच खोटी पाडतो, हे मी त्या दिवशी शिकलो. शिकलो म्हणजे केलं.

दुपारपर्यंत नाला मावळतीला वळला. आम्ही सुईच्या मागं तो सोडून एका दांडावर चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. टोळीत सगळ्यांत लहान एक पोरगा होता. बारीक अंगाचा, बुजरा. त्याला सगळे धाकट्याच म्हणत. तीन वाजता तो म्हणाला, "भाऊ, आपण चुकलो. तो म्हातारबा बरोबर सांगत होता." मी त्याच्यावर खेकसलो. "नकाशा तुझ्या हातात आहे का माझ्या?" बाकीचे तिघं खाली बघू लागले. त्यांनाही कळलं होतं, असं आता वाटतं.

माझी आजी चकव्याच्या गोष्टी सांगायची. रात्री शेतातून येताना माणसाला चकवा लागतो. वाट ओळखीची असली तरी तो तिथल्या तिथं फिरत राहतो, त्याच बाभळीपाशी पुन्हा येतो. लहानपणी आम्ही घाबरायचो. पुढं वाचनात आलं की जर्मनीतल्या यान झोमान नावाच्या संशोधकानं २००९ साली आपल्या सहकाऱ्यांबरोबर याचा अभ्यास छापला. माणसांना तिकडच्या एका सपाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य नाहीतर चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढग आले, चंद्र मावळला, की गोल फिरू लागली, आणि आपण सरळ चाललोय अशी त्यांची खात्री होती. म्हणजे आजीचा चकवा जर्मनीतही आहे.

पण आजीनं उपायही सांगितला होता. चकवा लागला की पळायचं नाही. होता तिथं बसायचं, अंगातला सदरा काढून उलटा घालायचा, आणि उजाडेपर्यंत हलायचं नाही. मला ती तेव्हा भाकडकथा वाटे. आता वाटतं, त्यात मोठा शहाणपणा आहे. सदरा उलटा घातलेला माणूस सगळ्यांना दिसतो. उलट्या सदऱ्यानं मी बरोबर चाललोय असा आव आणता येत नाही.

माझा सदरा सुलटाच होता. पाच वाजले, पाणी संपलं. डिसेंबरचा दिवस, सूर्य टेकला. धाकट्या म्हणाला, "मी मागं जातो, म्हातारबाचा गोठा खाली दिसला होता, त्याला घेऊन येतो." त्याला मी जे उत्तर दिलं, ते शब्दाला शब्द मला आठवतं. मी म्हणालो, "जायचं तर जा." रागानं म्हणालो, पण म्हणालो. तो गेला. अर्धा तास वाट पाहून आम्ही चौघं उलट्या दिशेला निघालो, कारण तिकडं लांब मोटारीचे दिवे हलताना दिसले होते. रात्री नऊला डांबरी रस्त्याला लागलो, दहाला छावणीत.

शिबिरप्रमुखांनी पहिला प्रश्न विचारला, पाचवा कुठं? मी म्हणालो, "तो न विचारता गेला, सर. टोळी सोडून गेला."

तिघं माझ्या शेजारी उभे होते. कुणी बोललं नाही. सुभेदारांनी माझ्या हातातला नकाशा घेतला, कंदिलाखाली धरला. खोडलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं काय झालं?" मी म्हणालो, घाम लागला. त्यांनी नकाशाची घडी घातली. रात्रभर कंदील घेऊन माणसं हिंडली. त्या जंगलात अस्वलं आहेत, तेव्हाही होती. सकाळी सातला गुराखी धाकट्याला हाताशी धरून घेऊन आला. त्यानं त्याला गोठ्यात ठेवून घेतलं होतं, अंधारात सोडलं नव्हतं. पोरगं धडधाकट होतं.

म्हणजे तसं पाहिलं तर कुणाचं काही गेलं नाही. पण शिबिरातून दोघांना पुढच्या वर्षी हिमालयात गिर्यारोहणाच्या शिक्षणाला पाठवायचं होतं. धाकट्याचं नाव त्यात होतं; चढणीवर तो वानरासारखा चढायचा. टोळी सोडून गेला म्हणून त्याचं नाव कापलं. त्या जागी कुणाचं नाव गेलं, हे सांगायला हवं का?

मी हिमालय पाहिला. बर्फात पाय ठेवताना एकदा धाकट्याची आठवण झाली. एकदाच, असं लिहिताना लाज वाटते, पण तसंच आहे.

पुष्कळ वर्षांनी मी ही गोष्ट माझ्या मुलाला सांगितली. तो नोकरीत दहा-बारा माणसांचा वरिष्ठ आहे. तो म्हणाला, "बाबा, खोटं बोललात ते वाईटच. पण चुकलो हे लगेच सांगितलं नाही, त्यात मला एवढं वाईट दिसत नाही. पुढारीच डगमगला तर मागची माणसं घाबरतात. घाबरलेली माणसं पळतात, कड्यावरून पडतात. डॉक्टर तरी रोग्याला सगळं तोंडावर सांगतात का?"

हे म्हणणं मी असंच उडवून लावत नाही. माणसाला धीर लागतो आणि तो पुढं चालणाऱ्याकडूनच लागतो. पण मी त्या दिवशी टोळीला धीर देत होतो का? "घाबरू नका" हे मी एकदाही म्हणालो नाही. "चुकलो नाही" हे पन्नास वेळा म्हणालो. घाबरू नका हे मागच्यांसाठी असतं. चुकलो नाही हे माझ्यासाठी होतं. डॉक्टर रोग्याला वाईट बातमी जपून सांगतो, पण स्वतःच्या वहीत रोग लिहून ठेवतो ना? मी तर वहीतच खोडलं होतं. शिवाय चालणाऱ्या माणसाला अर्धं सत्य उपयोगाचं नसतं. पाणी किती उरलंय, अंधार किती वाजता पडणार, मागं फिरायचं की बसायचं, हे ठरवायला पाच डोकी होती. मी चार डोक्यांना खोटा हिशेब दिला. पाय मात्र त्यांचेच थकत होते.

मुलगा म्हणाला, "मग पहिल्याच शंकेला सांगायचं का? टेकडी उजवीकडं दिसली की लगेच?" इथं मीही अडतो. दर वळणावर शंका बोलून दाखवणारा पुढारी कुणाला चालेल? शंका आणि खात्री यांच्या मधे एक जागा असते. ती किती रुंद ते प्रत्येक वाटेला वेगळं. पण रबर हातात घेतलं तेव्हा मी त्या जागेच्या पलीकडं गेलो होतो, एवढं मला सांगता येतं. शंका असलेला माणूस टिंबाशेजारी प्रश्नचिन्ह काढतो. टिंब खोडतो, त्याला माहीत असतं.

काही वर्षांमागं वर्ध्याकडं लग्नाला गेलो असता हिंगणघाटला वाकडी वाट करून विल्यम लॅम्बटनची कबर पाहून आलो. हिंदुस्थान मोजणारा हा माणूस. १८०२ साली मद्रासजवळ त्यानं जमिनीवर पहिली रेघ मोजली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेला सरकत राहिला. जवळजवळ अर्ध्या टनाचं कोन मोजायचं यंत्र बरोबर. १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला, तेव्हा वय सत्तरीच्या घरात, काम अर्ध्यावर. त्याच्या खात्यानं जे केलं त्यावरच पुढं आपले सगळे नकाशे उभे राहिले, मी खोडला तोही. या कामात प्रत्येक त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजायचे, बेरीज करायची, पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरायचा, आणि तरी बेरीज बरोबर येत नाही. किती फरक पडला ते वहीत लिहायचं, मग तो फरक तिन्ही कोनांत वाटून द्यायचा. लिहायचं आधी, वाटायचं नंतर. साहेबाच्या राज्याचं कौतुक मला नाही. ती मोजणी सारा आणि फौज यांच्याही कामाची होतीच. पण चूक लिहून ठेवायची ती रीत मला त्या पडक्या कबरीपाशी फार मोठी वाटली.

आणि बोथ्याच्याच जंगलात २०१९ च्या डिसेंबरात एक वाघ आला. यवतमाळकडच्या टिपेश्वरचा, गळ्यात पट्टा, उपग्रहावरून त्याचं ठिकाण कळत होतं. नऊएक महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून जास्त चालला म्हणून त्याला वॉकर म्हणू लागले. वर्तमानपत्रात त्याच्या वाटेचा नकाशा आला होता, तो मी कापून ठेवलाय. सरळ रेषेत तो चाललाच नाही. पुढं गेला, मागं आला, तेलंगणात शिरला, बाहेर पडला. मागं फिरायची त्याला लाज नसावी. त्याच्या मागून कुणी चालत नव्हतं, हेही आहे.

धाकट्याला मी भेटलो ते २०१७ साली. तो घाटाखाली शेती करतो. खामगावला कापूस घालायला आलेला दिसला. एकतीस वर्षांनी ओळखला. त्याच्या मागोमाग त्याच्या गावी गेलो. त्यानं खाटेवर बसवलं, चहा झाला. मी सगळं बोललो. "जायचं तर जा" मीच म्हणालो होतो, आणि न विचारता गेला हे खोटं सांगितलं, आणि तुझ्या जागी मी गेलो.

तो शांतपणे तंबाखू मळत होता. म्हणाला, "मले माहीत नाही का भाऊ? जायचं तर जा, हे मीच तं ऐकलं होतं." मग हसला. "माझी रात्र तुमच्यापेक्षा बरी गेली. म्हातारबानं भाकर देल्ली, दूध देल्लं, घोंगडी देल्ली. तुम्हीच उपाशी." मी म्हणालो, पण तुझा हिमालय गेला. तो म्हणाला, "गेला खरा." एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, आणि मीही मागितली नाही. मागायला गेलो होतो, पण त्याच्या "गेला खरा" पुढं ते तोंडातून निघेना. कापसाच्या भावावर बोलत बसलो.

निघताना तो फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "एक विचारू? त्या तिघांले सांगितलं का तुम्ही?"

तिघांना कशाला, असं मला वाटलं. त्यांनी तर तिथं उभं राहून ऐकलं होतं. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न सोडेना. ऐकून ते गप्प राहिले ते माझ्यामुळं. पुढाऱ्याच्या खोट्याला हुंकार द्यायला मी तीन पोरांना लावलं होतं, आणि तेही आयुष्यभर ते घेऊन फिरत असतील. दोघांना पुढच्या दोन वर्षांत गाठलं. एक म्हणाला, मला तर काही आठवत नाही. तो खरं बोलत होता की नाही ते मला ठरवता आलं नाही. दुसरा दवाखान्यात खाटेवर होता, तो बराच वेळ माझा हात धरून बसला. चार महिन्यांनी गेला.

तिसरा राहायला पुण्यात, आणि नेमका उंड्रीत. आमच्या गावाचं आणि पुण्याच्या त्या उपनगराचं नाव जवळजवळ एकच. फोनला आमची उंद्री विचारली तरी तो पुष्कळदा तिकडंच बोट दाखवतो. गेल्या हिवाळ्यात मी गेलो. एक बस बदलली, दुसरी बदलली, आणि कुठंतरी उतरलो. चहूकडं सारख्याच उंच इमारती, सारखीच फाटकं, सारखेच पहारेकरी. फोनवरचं निळं टिंब एकदा रस्त्याच्या या बाजूला, एकदा त्या बाजूला उडत होतं. पाऊण तास मी हिंडलो. एकाच औषधाच्या दुकानावरून तीनदा गेलो. मग एका भिंतीवर टेकलो आणि त्याला फोन लावला.

"आलात का?" तो म्हणाला.

म्हटलं, "आलो, पण मी कुठं आहे ते मला कळत नाही."

"हरकत नाही," तो म्हणाला. "समोर काय दिसतं ते सांगा."

मी औषधाच्या दुकानाचं नाव वाचलं.

"ती दुकानं इकडं तीन आहेत. आणखी काहीतरी सांगा. दुसरं काय दिसतं?"